आत्महत्येचा धोका : प्रश्नावली काय सांगते?

माती परीक्षणातून नत्र, स्फुरद, पालाश किती ते कळते. मनाचे परीक्षण तितके सोपे नाही. दवाखान्यात नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात. ती मागील २ आठवड्यांची लक्षणे विचारते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. दोन्ही एकत्रच, त्यामुळे धोका किती हे उमगत नाही. कोलंबिया प्रश्नावली मात्र पायरीपायरीने जाते : नुसता विचार आहे की बेत ठरला आहे? पूर्वी प्रयत्न झाला होता का? आमच्या मते घरच्यांनी ही रीत शिकून घ्यावी. एचसीआर-२० ही दुसऱ्यावर हिंसा होण्याच्या धोक्यासाठी आहे. ती तज्ज्ञानेच हाताळावी.

गुण कमी आले म्हणून निर्धास्त राहू नये. आत्महत्येचे भाकीत करण्यासाठी अशी मोजमापे वापरू नयेत, असे इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यापेक्षा आपुलकीने, पण सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये. कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. बेत ठरलेला दिसल्यास मात्र थेट रुग्णालय गाठावे.