डब्यातली दालचिनी, शेतातली करडई

असरची नमाज आटोपली की परभणीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. खजुराच्या ढिगाशेजारी कलिंगडाच्या फोडी, पलीकडे भजी-समोसे आणि त्या गर्दीच्या कडेला एखादे काष्ठौषधीचे दुकान. एरवी दुपारी पेंगणाऱ्या या दुकानाला रमजानमध्ये जाग येते. सबजा, इसबगोल, बडीशेप, गुलकंद, कलौंजी आणि दालचिनी. गिऱ्हाईक सगळ्या आळ्यांतून येते. रोजा असणारे येतात, तसेच उन्हाळ्याची तयारी म्हणून सबजा न्यायला आलेले काका-काकूही येतात.

अशा दुकानात हल्ली एक दृश्य नेहमीचे झाले आहे. कुणीतरी फोन पुढे करते.

“चाचा, दालचिनी द्या पाव किलो. अब्बांना शुगर आहे. रोज सकाळी चमचाभर पूड घ्यायची, गोळी बंद होते म्हणे.”

“कुणी सांगितलं?”

“सगळ्या ग्रुपवर फिरतंय की.”

जुना दुकानदार असेल तर तो तराजूला हात लावण्याआधी विचारतो, “अब्बा रोजे ठेवतात का? गोळी कोणती चालू आहे?” नवा असेल तर पाव किलो मोजून देतो.

फोनवरच्या निरोपात नसलेली गोष्ट या प्रश्नात आहे. दालचिनी वाईट नाही. पण ती कुणाला, किती आणि कशासोबत, हे कुठेतरी ठरलेले असते, आणि नेमके तेवढेच निरोपातून गळून पडते.

युनानी वैद्यकात एकट्या वनस्पतीच्या औषधाला ‘मुफरद’ म्हणतात. अशा औषधांच्या जुन्या उर्दू-फारसी किताबांची एक ठरलेली रीत आहे. वनस्पतीचे नाव आले की तिचा मिजाज, म्हणजे उष्ण की थंड, कोरडी की ओली. मग ‘नफा’, म्हणजे फायदा. त्याच्या लगेच खाली ‘मुजिर’, म्हणजे ही वस्तू कुणाला किंवा कोणत्या अवयवाला बाधते. त्यानंतर ‘मुसलेह’, म्हणजे तो दोष मोडायला सोबत काय द्यावे. मग ‘बदल’, म्हणजे ती मिळाली नाही तर पर्याय कोणता. आणि शेवटी मात्रा. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या हकिमांनी हीच किताबे वाचली. त्यांच्या सगळ्या समजुती आजच्या विज्ञानाच्या कसोटीला उतरतील असे नाही, पुष्कळ उतरणारही नाहीत. पण फायदा लिहिला की खाली तोटा लिहायचाच, ही शिस्त मात्र वाखाणण्यासारखी होती. फोनवर येतो तो फक्त नफा. मुजिरचा रकाना कोरा.

दालचिनीचेच बघा. ‘दार-चीनी’ हा मूळ फारसी शब्द, अर्थ चिनी लाकूड. नावातच पत्ता लिहिलेला आहे. बाजारात मिळणारी जाड, खरखरीत, करड्या-तांबूस रंगाची साल बहुधा ‘कॅशिया’ जातीची असते. ही चीन-व्हिएतनामकडची. श्रीलंकेची दालचिनी वेगळी. ती पातळ, कागदाच्या गुंडाळीसारखी आणि महाग. चिनी वैद्यकात कॅशियाची साल आणि कोवळ्या फांद्या शतकानुशतके काढ्यात पडत आल्या आहेत, पण इतर औषधांबरोबर आणि मोजून. या जाड सालीत कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते. ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेले तर काही माणसांच्या यकृताला त्रास होतो. बिर्याणीत पडणारा तुकडा काहीही बिघडवत नाही. प्रश्न चमचाभर पुडीचा आहे, तोही महिनोन् महिने. साखरेवर दालचिनीचा काही परिणाम होतो का, यावर अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. डॉक्टरांनी दिलेली गोळी बाजूला ठेवावी इतका पुरावा कुठेच नाही.

रमजानमध्ये हा प्रश्न जास्त टोकाला जातो. अलीकडे रमजान फेब्रुवारी-मार्चकडे सरकला आहे. 2018 साली तो मेच्या मध्याला सुरू झाला होता आणि परभणीच्या उन्हात रोजेदारांची खरी परीक्षा झाली होती. त्या मानाने आत्ताचे तेरा-साडेतेरा तास सोपे वाटतात. त्यामुळे साखर असलेली वडीलधारी मंडळीही म्हणतात, “एवढं काय, ठेवतो की रोजा.” सहेरीला पोटात भाकरी कमी आणि पाणी जास्त जाते. साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी, नेहमीच्याच मात्रेत घेतले जाते. वर कुणीतरी मेथी-जांभळाच्या पुडीची भर घालते. मग असरच्या सुमारास हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते रोजा लागला, जरा पडू द्या. काही वेळा तो रोजा लागलेला नसतो, रक्तातली साखर घसरलेली असते, आणि पडू दिलेला माणूस हाक मारूनही उठत नाही.

डॉक्टरांचा सल्ला यात स्पष्ट आहे. रमजान सुरू होण्याआधीच जाऊन गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्यायच्या. नेहमीची सकाळची मात्रा अनेकदा इफ्तारकडे न्यावी लागते, पण हे घरी बसून ठरवायचे नाही. रोजा असताना बोटाला टोचून साखर तपासायची. त्याने रोजा तुटत नाही, हे उलेमांनीही सांगितलेले आहे. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली, तर तिथेच रोजा सोडायचा, मगरिबला दहाच मिनिटे उरली असली तरी. कुरआनाने आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून सवलत दिली आहे. ते रोजे पुढे भरून काढता येतात, आणि ज्याला कधीच जमणार नाही त्याच्यासाठी फिदया, म्हणजे गरजूला जेवू घालणे, आहे. सवलत घेणे हा कमीपणा नाही, हे घरातल्या मोठ्यांना पटवणे मात्र गोळीची वेळ बदलण्याहून अवघड. तिथे मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांचा एक शब्द डॉक्टरांच्या दहा शब्दांपेक्षा जास्त काम करतो.

साध्या तक्रारींसाठी घरचा डबा पुरेसा आहे. इफ्तारच्या तळणाने जळजळ झाली तर तळण कमी करणे हाच पहिला उपाय, बडीशेप दुसरा. पहिल्या तीन-चार दिवसांत दुपारनंतर डोके ठणकते, ते बहुतेकांचे चहा तुटल्याने. रमजानच्या आठवडाभर आधी चहाचे कप एकेक करून कमी केले तर बरेच निभावते. सबजा पूर्ण फुगवूनच सरबतात घालावा. कोरडा सबजा लहान मुलांच्या घशात अडकू शकतो. आणि इसबगोल. हा शब्दही फारसी, ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘गोल’ म्हणजे कान. बीचा आकार घोड्याच्या कानासारखा, म्हणून हे नाव. बद्धकोष्ठावर डॉक्टरही तो बिनदिक्कत लिहून देतात. पण त्याला भरपूर पाणी लागते. सहेरी संपता संपता घोटभर पाण्यात गिळला तर तो आतच घट्ट होऊन बसतो. तो इफ्तारनंतर, मोठ्या पेल्यातून आणि इतर गोळ्यांपासून अंतर ठेवून घ्यायचा.

चीनकडून आलेली आणखी एक वस्तू या दुकानांत मिळते, चोबचिनी. म्हणजे पुन्हा चिनी लाकूडच, खरे तर एका वेलीचे मूळ. ती सोळाव्या शतकात चिनी आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर गोव्याच्या बाजारात आली. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा अहमदनगरच्या बुर्‍हाण निजामशहाच्या दरबारीही उपचाराला जात असे. 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधींवरच्या ग्रंथात त्याने या मुळाची दखल घेतली. त्याच शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात फिरंग रोगावर चोपचिनी सांगितली आहे. हकीमही ती वापरू लागले. चीनचे मूळ, पोर्तुगिजांचे जहाज, निजामशहाचा वैद्य, संस्कृत ग्रंथ आणि युनानी नुस्खा! औषधाचा धर्म विचारत कुणी बसले नाही. त्या रोगावर मात्र पुढे पेनिसिलिन आले आणि चोबचिनीचे ते काम संपले. संपलेले काम संपले म्हणायलाही हरकत नसावी.

पण परभणीकरांसाठी चीनचे सगळ्यात जवळचे औषध दुकानात नाही, शेतात आहे. करडई.

मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला करडई आहे ती तेलासाठी. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तिच्यावर अनेक वर्षे काम केले. ‘शारदा’ आणि ‘परभणी कुसुम’ हे वाण इथलेच. कोवळ्या पानांची भाजी आणि ज्वारीची भाकरी हे जेवण ज्याने खाल्ले त्याला वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात पिवळी-केशरी फुले येतात, कोमेजताना लाल होतात आणि पुढे बोंडांवरच वाळून जातात. त्या वाळलेल्या पाकळ्यांकडे इथे सहसा कुणी बघत नाही.

चीनमध्ये त्याच पाकळ्या औषध आहेत. तिथे त्यांचे नाव ‘होंगहुआ’, म्हणजे लाल फूल. सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथात बायकांच्या पोटदुखीवर या फुलांचा मद्यातला काढा सांगितला आहे. रक्त साचले, अडले की दुखते आणि हे फूल रक्ताला वाट करून देते, अशी त्यांची धारणा. म्हणून अडलेली पाळी, मुका मार, सूज यांवर ते देतात. आज चीनमधली करडई मुख्यत्वे शिनजियांग प्रांतात पिकते, जिथे उईगूर मुसलमानांची मोठी वस्ती आहे. त्यांचे पारंपरिक वैद्यक आपल्या युनानीचे जवळचे नातलग. म्हणजे परभणीच्या हकिमाने आणि तिथल्या हकिमाने एकाच रोपाकडे बघावे, एकाने बी घ्यावे आणि दुसऱ्याने फूल!

नावांनीही पुष्कळ प्रवास केला आहे. अरबीत करडईचे बी ‘कुर्तुम’, त्यावरून शास्त्रीय नाव ‘कार्थॅमस’. फुलाला आणि त्याच्या रंगाला अरबीत ‘उस्फुर’ म्हणतात. त्या रंगात रंगवलेली वस्त्रे पुरुषांनी वापरू नयेत, असा उल्लेख हदीसमध्ये आहे, इतका तो रंग त्या काळी माहितीचा होता. संस्कृतात कुसुंभ आणि मराठीत त्यावरून आलेला कुसुंबी रंग. ईदच्या जर्द्यात ‘स्वस्त केशर’ म्हणून पडतात त्या पुष्कळदा याच पाकळ्या असतात. रंग येतो, वास येत नाही. जर्द्याला त्याने अपाय नाही, अपाय खिशाला आहे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याची ‘नारी-6’ ही करडई काढली आणि पाकळ्या गोळा करण्यावर, त्यांच्या चहावर काम केले. बी भरू लागल्यावर पाकळ्या वेचल्या तर तेलाच्या उत्पन्नाला धक्का लागत नाही, म्हणजे शेतकऱ्याला दोन पैसे जादा मिळू शकतात. सोयाबीन-हरभऱ्यापुढे करडईचा पेरा घटत चालला असताना ही गोष्ट लहान नाही.

मात्र पाकळ्यांचा चहा घराघरांत पोचायचा असेल तर त्याच्यासोबत मुजिरचा रकानाही पोचला पाहिजे. रक्ताला वाट करून देणारे फूल गरोदर बाईला चालत नाही. चिनी वैद्यकानेच तशी ताकीद देऊन ठेवली आहे आणि तिथल्या सरकारी औषधसंहितेत दिवसाची मात्रा 3 ते 10 ग्रॅम एवढीच आहे. हृदयाच्या झटक्यानंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, शस्त्रक्रिया ठरलेली असेल किंवा पाळीत जास्त रक्त जात असेल, तर या फुलाच्या वाटेला जाऊ नये. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य नव्या सुनेला प्रेमाने काढा देणाऱ्या सासूच्या तोंडी सहज येते. तिला मुजिर कुणी सांगितलेलेच नसते. करडईच्या तेलाला यातले काही लागू नाही. फोडणीचे तेल फोडणीचेच आहे.

रमजान येतो तोवर इथली करडई काढणीला आलेली असते. तिच्या काट्यांमुळे हे काम दिवसा करवत नाही. पहाटे दव असते तेव्हा काटे नरम असतात, ऊन चढले की ते सुईसारखे होतात. म्हणून गावात सहेरीची भांडी विसळली जात असतात आणि मशिदीतून फजरची अजान होते, त्याच सुमारास हातापायांना फडकी गुंडाळून मजूर रानाकडे निघतात. त्यांत रोजेदार असतात, नसलेलेही असतात. काटे टोचायला लागेपर्यंत त्यांच्या हातात जेमतेम तीन तास असतात.