मळीच्या पलीकडची डिस्टिलरी

साखर कारखाना बघायला आलेल्याला गव्हाण दाखवतात, हातावर ताजी गरम साखर देतात आणि निरोप देतात. मागच्या डिस्टिलरीकडे सहसा कुणी नेत नाही. तिथला आंबूस वास आड येतो. पण कारखान्याचा पैसा हल्ली तिथेच लवकर मोकळा होतो. साखर गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते, तेल कंपन्या मात्र इथेनॉलचे पैसे काही आठवड्यांत देतात.

कच्चा माल म्हणजे मळी. जिच्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही, ती सी-हेवी. एक टप्पा आधीच थांबलं, तर बी-हेवी: साखर थोडी कमी निघते, इथेनॉल जास्त. 2018 पासून सरकारने बी-हेवीच्या आणि थेट रसाच्या इथेनॉलला वेगळे दर दिले, आणि हा हिशेबच बदलला. मळी पातळ करून यीस्ट सोडलं की पुढचं काम त्याचं. फक्त टाक्या गार ठेवाव्या लागतात, नाहीतर आंबण्याच्या उष्णतेनेच ते मरतं.

खरी गंमत शेवटच्या पाण्यात आहे. ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल 95 टक्क्यांच्या आसपास येतं आणि तिथेच अडतं. पुढे कितीही उकळा, वाफेत पाणी तेवढंच. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र साडेनव्याण्णव टक्के शुद्ध लागतं. म्हणून ती वाफ झिओलाइटच्या मण्यांतून सोडतात. त्यांची छिद्रं 3 अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा बाहेरच राहतो. एक स्तंभ पाणी शोषतो, तोवर दुसरा वाळवून घेतात. इतकं चोख यंत्र कारखान्यात दुसरं नसेल.

मागे उरतो स्पेंटवॉश हे सांडपाणी, लिटरभर अल्कोहोलमागे दहाएक लिटर. त्याने एकेकाळी ओढे-विहिरी नासवल्या. आता बऱ्याच ठिकाणी तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात.

पण मळी शेवटी उसाची आणि ऊस पाण्याचा. 2023 मध्ये पाऊस रुसला, साखर कमी पडेल असं दिसलं आणि डिसेंबरात सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ते उठले ऑगस्ट 2024 मध्ये.

मळीवाचूनही एक वाट आहे. पानिपतला इंडियन ऑइलने ऑगस्ट 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू केला. तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. पेंढ्यातली साखर लिग्निन या चिवट घटकात जखडलेली असते, त्यामुळे हे काम अवघड आणि महागडं आहे. तरीही आपल्याकडे फडात पेटवून दिलं जाणारं पाचट याच जातीचं. कारखान्यांनी मळीच्या टाक्या वाढवण्याआधी निदान त्या पाचटाचा हिशेब मांडावा.