पडद्यावरील शर्यत

मोटारींच्या शर्यतीचा खेळ आज मोबाइलवर व संगणकावर घरोघर पोहोचला आहे. पडद्यावर रस्ता वेगाने धावत असतो आणि खेळणारा बोटाच्या इशाऱ्याने मोटार वळवीत इतरांना मागे टाकीत असतो. हा खेळ मुलांना योग्य आहे काय? याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. कोणता खेळ, किती वेळ आणि कोणत्या समजुतीने खेळला जातो, यावर ते अवलंबून आहे.

प्रथम निवडीचा विचार करू. काही शर्यतींत फक्त वेग आणि वळण यांचा मेळ साधावयाचा असतो. त्यात नजर व हात यांना काम मिळते. काहींत मात्र वाटसरूंना चिरडल्याबद्दल गुण मिळतात! अशा खेळात करमणूक कसली? पुष्कळ खेळांच्या माहितीत ३, ७, १२, १६ किंवा १८ असा वयाचा आकडा दिलेला असतो. हिंसा, अपशब्द, जुगार इत्यादी गोष्टी पाहून तो ठरविलेला असतो. आकडा आपल्या वयाहून मोठा असेल, तर तो खेळ आपल्यासाठी नव्हे.

परंतु किती वेळ खेळावे, हे तो आकडा सांगत नाही. एक शर्यत दोन-तीन मिनिटांत संपते. लगेच दुसरी पुढे उभी राहते आणि संध्याकाळ कधी सरली ते कळत नाही. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने यावर एक उपाय योजला. कोरोनाच्या साथीत शाळा बंद असताना अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाइल आला होता. साथ ओसरली, तरी तो सुटेना. तेव्हा २०२२ साली गावाने ठरविले, की सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजताच दीड तास घरोघरचे मोबाइल व दूरदर्शन संच बंद ठेवावयाचे. हा नियम मुलांपुरता नव्हता, वडीलधाऱ्यांनाही होता. गावाला जशी वेस असते, तशी खेळालाही असावी.

आता समजुतीविषयी. पडद्यावरील मोटार कठड्यावर आदळली, तरी क्षणात पुन्हा धावू लागते. साताऱ्याच्या वाटेवरील खंबाटकी घाटात असे घडत नाही. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २० मीटर अंतर काटते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. गळिताच्या हंगामात सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर चाललेले असतात. मागे दिवा नसलेली गाडी अंधारात एकाएकी समोर येते. तिथे बोटांची चपळाई कामी येत नाही. आधीपासून राखलेला संयमच कामी येतो. म्हणूनच १८ वर्षे पूर्ण झाल्यावाचून मोटार चालविण्याचा परवाना मिळत नाही. २०१९ च्या कायद्याने, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

तेव्हा मुलांनो, वयाला साजेशी शर्यत ठरल्या वेळी अवश्य खेळा. मात्र पडद्यावर जिंकलेला वेग रस्त्यावर नेऊ नका. खेळात हरलेली शर्यत पुन्हा खेळता येते. रस्त्यावर गेलेला जीव परत येत नाही.