वाळूखाली दुपार केव्हा होते?

'वाळवंट' म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? राजस्थान, उंट, भूगोलाच्या पुस्तकातले चित्र; होय ना? पण नांदेडच्या एखाद्या आजोबांना विचारून पाहा. ते गोदावरीचे नाव घेतील. पंढरीचा वारकरी चंद्रभागेचे घेईल. नदीकाठच्या वाळूच्या पसाऱ्याला मराठीत पूर्वीपासून वाळवंटच म्हणतात. आज मी तुम्हाला एका तिसऱ्याच वाळवंटात नेणार आहे. ते आहे कोकणात, अगदी समुद्राला लागून, आणि तेथे एका दिवसात कासवे पाहता येतात, पाण्याची चव घेता येते आणि वाळूचा डोंगरही चढता येतो.

लातूरहून आम्ही अकरावी-बारावीची मुले घेऊन निघालो आणि रात्रभराच्या प्रवासानंतर रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळास या गावी उतरलो. गावात हॉटेल म्हणावे असे काही नाही. गावकरीच आपल्या घरी पाहुण्यांची सोय करतात. दिवसभर आमच्याबरोबर गावातला एक तरुण होता. अशांना तेथे 'कासवमित्र' म्हणतात. मुले त्याला दादा म्हणू लागली आणि संध्याकाळपर्यंत सरांपेक्षा दादांचाच शब्द जास्त चालू लागला!

'ऑलिव्ह रिडले' जातीच्या समुद्री कासवाची मादी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पुन्हा वळून पाहत नाही. पूर्वी ही अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसे पळवीत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन येथे संरक्षणाचे काम सुरू केले. आता सापडलेली अंडी काही तासांच्या आत उचलून, कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरतात. उचलताना अंडे उलटे होऊ द्यायचे नाही, कारण आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटू लागलेला असतो.

सकाळी सात वाजता आम्ही कुंपणाबाहेर रांगेत उभे राहिलो. प्रत्येक घरट्यावर एक टोपली उपडी घातलेली होती. दादांनी पहिली टोपली उचलली. काही नाही. दुसरी उचलली. वाळू. तिसरी, चौथी, सगळीकडे वाळूच. रात्रभर बसमध्ये आखडून आलेल्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. एक मुलगा चिडून म्हणाला, "सर, आता काय वाळू बघायची?"

मी म्हटले, "होय, वाळूच बघायची!"

अंडी वाळूत पंचेचाळीस-पन्नास दिवस, कधी साठ दिवसही असतात. त्यांना उबवायला आई नाही. उबवते ती वाळू. आणि या कासवांत पिल्लू नर होणार की मादी हे माणसाप्रमाणे गर्भधारणेच्या क्षणी ठरत नाही. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात वाळूचे तापमान किती होते, यावर ते ठरते. सुमारे २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही प्रकारची पिल्ले होतात. तापमान त्याहून एक-दोन अंश खाली गेले तर नर अधिक, वर गेले तर मादी अधिक. म्हणजे एक-दोन अंशांवर सारा खेळ! पण एप्रिलमध्ये कोकणच्या वाळूवर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही आणि पहाटे तीच वाळू गार लागते. वर इतका चढउतार असताना खाली अंड्यांचे काय होत असेल?

येथे पदार्थविज्ञान आपल्या मदतीला येते. वरचा कोरडा थर बाजूला करा. खाली ओलसर वाळू लागेल. समजा, तिच्या पृष्ठभागाचे तापमान दुपारी ४२ अंश आणि पहाटे १८ अंश होते. म्हणजे सरासरी ३०, आणि तिच्या वर-खाली १२ अंशांचा झोका. उष्णता वाळूत शिरते ती लाटेसारखी, पण ही लाट फार लवकर दमते. ओलसर वाळूत साधारण १५ सें.मी. खाली गेले की झोका जवळजवळ एकतृतीयांश उरतो. म्हणजे १२ चे साडेचार झाले. आणखी १५ सें.मी. खाली, साडेचाराचे दीड. आणखी १५ सें.मी. खाली, दीडचा अर्धा-पाऊण अंश. अंडी आहेत तेथेच, ४५ सें.मी. खोल! वर चोवीस अंशांचा धुमाकूळ चालू असताना खाली जेमतेम एक-सव्वा अंशाचा फरक पडतो.

आणखी एक गंमत आहे. ही लाट नुसती दमत नाही, तिला उशीरही होतो. दर १५ सें.मी.ला जवळजवळ चार तास. तेव्हा वर दुपारी दोन वाजता सर्वांत जास्त ऊन लागले, तर त्याची ऊब ४५ सें.मी.वर पोहोचेपर्यंत रात्रीचा दीड वाजतो. वाळूखालची दुपार मध्यरात्रीनंतर होते!

हे तुम्हाला नवे वाटले का? मराठवाड्यातल्या मुलांना तरी वाटू नये. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड असत. भर उन्हाळ्यात दुपारी आत गारवा आणि रात्री मात्र भिंती ऊब टाकू लागत, म्हणून माणसे अंगणात नाहीतर धाब्यावर झोपत. कासवाने खड्डा खणून जे साधले, तेच आपल्या पूर्वजांनी भिंत जाड करून साधले होते. त्याच जड भिंती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. त्या भिंतींचा गारवा आठवला की ती पहाटही आठवते. एकीला सोडून दुसरी आठवता येत नाही.

पण कासवाकडे परत येऊ. वाळू रोजचा चढउतार अडवते, परंतु सरासरी अडवीत नाही. लाट जितकी संथ, तितकी ती खोल जाते. दिवसाची लाट १५ सें.मी.त दमते, वर्षाची लाट तिच्यापेक्षा ३६५ पट संथ, म्हणून ३६५ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १९ पट खोल जाते. जवळजवळ तीन मीटर! मग हवामान बदलून वर्षानुवर्षे सावकाश वाढत जाणारी उष्णता दीड फुटावर कशी थांबेल? ती अंड्यांपर्यंत पुरती पोहोचते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांची तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तेथील लहान वयाच्या कासवांत शंभरात नव्व्याण्णव माद्या आढळल्या. ती जात वेगळी, किनारा वेगळा. पण वाळूचा नियम एकच. काही ठिकाणी घरट्यांच्या जागेवर सावलीची जाळी धरतात, ती त्यासाठीच.

वेळासहून वळणावळणाच्या रस्त्याने आम्ही दक्षिणेला, दापोली तालुक्यातील केळशीला गेलो. एका घरी नारळी-पोफळीच्या वाडीत जेवणाची सोय होती. घरच्या काकूंनी आल्याआल्या कोकमाचे सरबत दिले. त्यातले दोन थेंब बशीत घेऊन मी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, तर तांबडा रंग पाहता पाहता काळपट झाला. लिटमसचा कागद नसला तरी कोकम आहेच! सोलकढी, आंबोळ्या, फणसपोळी सगळे झाले. पण आमच्या मुलांना खरे नवल वाटले ते विहिरीचे. समुद्र एवढा जवळ, आणि पाणी गोड!

आम्ही तीन पेले मांडले. एकात समुद्राचे पाणी, एकात खाडीचे, एकात विहिरीचे उकळून गार केलेले. पहिल्या दोहोंचा फक्त एकेक थेंब जिभेवर, मग चूळ भरायची. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत नदीचे पाणी मिसळलेले, म्हणून चव मधली. आणि विहिरीचे? पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते हलके असते. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर खाऱ्याची सुमारे १.०२५. यातून एक सुंदर हिशेब निघतो. समुद्राच्या पातळीच्या वर जर १ मीटर गोडे पाणी साचले असेल, तर पातळीच्या खाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी असते. बर्फाचा डोंगर तरंगावा, तसेच. पण हाच हिशेब उलटा वाचा. पंप लावून वरची पातळी १ मीटरने उतरवली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर चढू शकते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या लातूरकरांना हे दोनदा सांगावे लागले नाही. आमच्या मुलांनी पेले विसळायलासुद्धा पाणी जपून घेतले. काकूंना त्याचे हसू आले.

दुपारी दोन वाजता, अगदी नको त्या वेळी, आम्ही केळशीच्या वाळूच्या टेकडीवर चढलो. भारजा नदी समुद्राला मिळते तेथे ही टेकडी आहे. दोन पावले वर टाकावीत आणि एक पाऊल खाली घसरावे! कोरडी वाळू सुमारे ३३ अंशांपेक्षा जास्त उतार सहन करीत नाही. पाय पडला की ती ओघळते. घरी मुठीतून वाळू सोडून पाहा, ढीग मोठा होईल पण त्याचा उतार बदलणार नाही. आम्ही प्लॅस्टिकच्या नळीत दोरीला बांधून थर्मामीटर नेला होता. वर पारा ५२ अंशांवर गेला, हातभर खाली ३१ वर थांबला. सकाळी चिडलेल्या मुलानेच आकडे लिहून घेतले.

एवढी वाळू येथे कोणी आणून टाकली? सरळ उत्तर म्हणजे वाऱ्याने. वारा वाळूचे बारीक कण उड्या मारीत नेतो. राल्फ बॅगनोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने लिबियाच्या वाळवंटात भटकून आणि नंतर प्रयोगशाळेत वाऱ्याचा बोगदा बांधून याचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९४१ साली निघाले. पण वारा निवडक असतो. धान्य उफणताना दाणा जवळ पडतो आणि भूस लांब जाते, तसे तो जड आणि हलके वेगळे करतो. खापऱ्या, मोठे शिंपले अशा जड वस्तू वाळूत मिसळलेल्या उंचावर सापडल्या, तर संशय जातो तो पाण्यावर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी या टेकडीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि ती त्सुनामीने आणून टाकली असावी असे मत मांडले. साल १५२४. त्याच वर्षी वास्को द गामाची जहाजे दाभोळच्या परिसरात असताना समुद्र एकाएकी हादरल्याची नोंद पोर्तुगीज बखरीत आहे.

२०२१ साली भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळशीच्या थरांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी या लाटेला 'अनाथ त्सुनामी' म्हटले आहे. लाटेच्या खुणा आहेत, पण तिला जन्म देणाऱ्या भूकंपाची नोंद नाही, म्हणून अनाथ! तिचे मूळ अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, मकरानच्या किनाऱ्याजवळ असावे असे त्यांचे गणित सुचवते. ही केवळ कल्पना नव्हे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानला मोठा भूकंप झाला, तेव्हा त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. वाद अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनी टेकडी पाहावी ती याच कारणासाठी. उत्तर ठरलेले असते तर चढण्यात काय मजा? किल्लारीच्या आधीही 'दख्खनच्या पठाराला भूकंपाचे भय नाही' असे पुष्कळांनी धरून चालले होते.

उन्हे कलल्यावर आम्ही आडे, पाडले करीत आंजर्ल्याला पोहोचलो. तेथेही कासवांची घरटी सांभाळतात. दादांनी टोपली उचलली आणि यावेळी तिच्याखाली वाळू हलत होती. तीन पिल्ले! प्रत्येक जेमतेम दोन बोटांच्या रुंदीएवढे. माथ्यावरची वाळू तापलेली असली तर पिल्ले खालीच थबकतात आणि ती निवल्यावर वर येतात, म्हणून ही वेळ. त्यांना उचलून पाण्यात सोडीत नाहीत. लाटांपासून थोड्या अंतरावर ठेवतात आणि ती स्वतः चालत जातात. अंधारात ती उजळ क्षितिजाकडे वळतात, म्हणून मोबाइलचे दिवे बंद ठेवायचे असतात. ते करायला मला तीन वेळा ओरडावे लागले.

पहिली लाट आली आणि दोघांना घेऊन गेली. तिसरे उलटे पडले, सावरले, पुन्हा निघाले. सकाळचा तो मुलगा गुडघ्यांवर बसून बघत होता. त्याने विचारले, "दादा, हे नर आहे की मादी?"

दादा म्हणाले, "बाहेरून पाहून सांगता येत नाही. मादी असेल तर मोठी झाल्यावर अंडी घालायला कुठल्यातरी किनाऱ्यावर येईल. २०२१ साली ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. नर असेल तर तो बहुतेक पुन्हा वाळूवर येणारच नाही."

तोवर ते तिसरेही दिसेनासे झाले होते. मुलाने वही उघडली, ५२ आणि ३१ या आकड्यांखाली वेळ लिहिली, सहा वाजून वीस मिनिटे, आणि विचारले, "सर, आपल्याकडे गोदावरीच्या वाळूत हाच प्रयोग रात्री दीड वाजता करता येईल का?"