भिंतीवरची बुरशी आणि घरांतील श्वास

नागभीड हा धानाचा मुलूख. वर्षाकाठीं बाराशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, पाण्यानें भरलेल्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव आणि पलीकडे जंगल. अशा प्रदेशांत श्रावण-भाद्रपदांत चामड्याच्या चपला, पेटींतील ठेवणीचीं लुगडीं, पुस्तकांच्या पाठी आणि कपाटामागची भिंत यांवर बुरशी आली नाहीं तरच नवल. आपल्या घरांतून ती अस्वच्छतेची खूण मानतात, पाहुणे येण्यापूर्वीं फडक्यानें पुसतात आणि दिवाळीला वरून रंग देतात. वस्तुतः बुरशी अस्वच्छतेनें येत नाहीं, पाण्यानें येते. आणि ओल कायम ठेवून दिलेला रंग हें तिला नवें अन्नच होय.

बुरशीचे बीजाणू हवेंत सर्वत्र व सर्वकाळ असतात. बहुतेकांचा आकार २ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. म्हणूनच ते श्वासाबरोबर आंत जातात. कागद, लांकूड, खळ, धूळ हें त्यांचें खाद्य प्रत्येक घरांत असतेंच. उणीव असते ती केवळ ओलीची. भिंतीलगतच्या हवेंतील आर्द्रता कांहीं दिवस शेंकडा ८० च्या वर राहिली कीं बीजाणूला तंतू फुटतात आणि त्यांवर पुन्हां असंख्य बीजाणू तयार होतात. तत्कालीन औरंगाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. टी. टिळक यांनीं हे बीजाणू पकडण्याचें यंत्र तयार केलें. तें ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नांवानें ओळखलें जातें. शेतांवरील हवेप्रमाणेंच अजिंठ्याच्या लेण्यांकडेहि त्यांचें लक्ष गेलें, कारण बुरशीला चित्रकाराचा रंग आणि आपल्या माजघराचा रंग यांत भेद कळत नाहीं.

जुन्या मातीच्या घरांची वृथा प्रशंसा करण्याचा येथें हेतु नाहीं. त्यांनाहि ओल येई, वाळवी लागे, आणि चुलीच्या धुरानें गृहिणींचीं फुप्फुसें खराब होत, तें तर निराळेंच दुःख. परंतु कवेलूंच्या फटींतून हवा खेळे, चुलीची धग भिंती सुकवी, आणि वरचेवर चुन्याची सफेदी होई. ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्यामुळें बुरशीला मानवत नाहीं. आतां स्लॅबचीं घरें आलीं. गच्चीवर सांचलेलें पाणी झिरपतें, जोत्यांतून जमिनीची ओल वर चढते, आंत दोरीवर कपडे वाळतात, आणि हा सारा दमटपणा बंद खिडक्यांआड कोंडून राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं या विषयावर मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. ओलसर घरांत राहणारांमध्यें खोकला, छातींतील घरघर आणि दम्याचा जोर अधिक आढळतो, हें तींत मान्य केलें आहे. हवेंत अमुक इतके बीजाणू चालतील असा आंकडा मात्र दिलेला नाहीं; ओलच होऊं देऊं नये, असें सांगितलें आहे. २०२१ सालीं ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेल्या रोगाशीं भिंतीवरील काळ्या डागांचा घोटाळा करूं नये. तो म्युकर वर्गाच्या बुरशीचा रोग. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड औषधांचा अतिरेक यांमुळें प्रतिकारशक्ति ढासळलेल्यांना तो प्रामुख्यानें झाला.

खरी चिंता आहे ती खोल्यांच्या वांटणीची. एकत्र कुटुंबांत पुढची हवेशीर खोली पाहुण्यांची व मिळवत्या माणसांची. न्हाणीघराला लागून असलेली काळोखी खोली आजींची. बाळंतिणीलाहि वारा लागूं नये म्हणून पुष्कळदां तीच देतात. ज्यांचा श्वास सर्वांत नाजूक, त्यांच्याच वांट्याला सर्वांत दमट भिंत! ऊब हवी, हें खरें. पण ऊब म्हणजे कोंदटपणा नव्हे. यंदा पावसाळ्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं ही वांटणी पुन्हां करावी.

ओल कोठून येते हें ओळखावयास सोपी युक्ति आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनीं चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस दंव जमलें तर ओल भिंतींतली; खोलीकडील बाजूस जमलें तर खोलीच्या हवेंतली. पहिलीला गवंडी पाहिजे, रंगारी नव्हे. भिंतीवरचा पांढरा थर पाण्याच्या थेंबानें विरघळला तर तो लोणा, बुरशी नव्हे. पण ओलीची वर्दी तोहि देतोच. बुरशी कोरड्या झाडूनें झाडूं नये, त्यानें बीजाणू खोलीभर उडतात. नाकातोंडावर फडकें बांधून साबणाच्या पाण्यानें पुसावी, आणि दमेकऱ्याला त्या वेळीं दुसरीकडे बसवावें. कपाटें भिंतीपासून चार बोटें दूर ठेवावींत. पाऊस कोसळत असतां खिडक्या उघडून भिंती सुकत नाहींत. उघडीप मिळेल तेव्हां मात्र सताड उघडाव्या, आणि स्वयंपाकाची वाफ कोणत्याहि ऋतूंत बाहेर काढावी.

आमच्याकडे बुरशीला उन्हाळाहि वर्ज्य नाहीं. वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो आणि घरोघर कूलर लागतात. गेल्या वर्षींच्या ओल्याच ठेवलेल्या जाळ्यांतून पहिल्या झोताबरोबर जो कुबट वास येतो, तो बुरशीचाच असण्याचा संभव फार. जाळ्या नव्या घालाव्या, टांकी घासून उन्हांत वाळवावी, आणि कूलर चालू असतां समोरची एक खिडकी उघडी ठेवावी. नाहींतर ऐन मे महिन्यांत खोलींत भाद्रपद नांदूं लागतो.