तांब्याची तार : चढता वेग, उतरता वेग

इंदूरच्या आमच्या घरी टेलिफोनच्या जुन्याच तारेवरून ब्रॉडबँड आले, तेव्हा मला दोन प्रश्न पडले. फोनवर बोलणे चालू असताना त्याच तारेतून इंटरनेट कसे चालते? आणि बाहेरून आलेला अंक चटकन उतरतो, पण मी एखादे हस्तलिखित पाठवू लागलो की एवढा वेळ का लागतो?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. टेलिफोनवरील संभाषणाला सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच कंपनांचा पट्टा पुरतो. तांब्याची तार त्याहून कितीतरी वरची कंपने वाहू शकते. ‘एडीएसएल’ तंत्राने सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंतची ही मोकळी जागा वापरात आणली. फोनपाशी बसवलेली स्प्लिटरची डबी आवाज आणि माहिती वेगवेगळी करते. तार जितकी लांब, तितकी वरची कंपने क्षीण होतात. म्हणून एक्स्चेंजपासून दूरच्या घरी वेग कमी मिळतो.

दुसऱ्याचे उत्तर ‘एडीएसएल’मधल्या ‘ए’ या अक्षरात आहे. ‘ए’ म्हणजे असिमेट्रिक, असमान. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीला साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ एवढाच पट्टा दिलेला असतो. त्यावरचा बहुतेक सारा पट्टा घरात येणाऱ्या माहितीचा. घरचा माणूस घेईल जास्त आणि पाठवील थोडे, हे येथे गृहीत धरलेले आहे.

माझ्या जोडणीचा उतरता वेग सेकंदाला २ मेगाबिट होता, चढता २५६ किलोबिट. स्कॅन केलेले हस्तलिखित २० मेगाबाइटचे, म्हणजे १६० मेगाबिटचे असेल, तर या वेगाने ते उतरवायला ८० सेकंद लागतात आणि पाठवायला दहा मिनिटांहून अधिक. मध्येच जोडणी तुटली, की मला पुन्हा पहिल्यापासून पाठवावे लागे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत आणि वाचनालयांत जुन्या वह्या, पत्रे, नियतकालिके आहेत. ती आपण येथून पाठवली, तरच इतरांना वाचता येतील. आता फायबर आले आहे. तरीही शाळेसाठी वा ग्रंथालयासाठी जोडणी घेताना जाहिरातीतल्या एका मोठ्या आकड्यावर थांबू नये. तो बहुधा उतरता वेग असतो. चढता वेग किती, हे विचारून घ्यावे. आपण नुसते वाचणारे नाही, लिहिणारेही आहोत.