साम्यातील भेद : छायाचित्रावरून फुलपाखरांची ओळख

फुलपाखराची ओळख पटवायची तर ते जाळ्यात धरावे, पंख पसरून टाचणीने पेटीत बसवावे आणि इव्हान्स यांच्या ग्रंथातील लक्षणांशी एकेक खूण ताडून पाहावी, असा अभ्यासकांचा रिवाज होता. त्या ग्रंथाची १९३२ ची आवृत्ती आणि १९५७ चा विंटर-ब्लाइथ यांचा ग्रंथ ही मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने या शास्त्राला दिलेली मोठी देणगी होय. आज बहुतेक वेळी जीव न घेता छायाचित्रावर काम भागते, याचे मनापासून स्वागत केले पाहिजे. मात्र हातातला नमुना उलटसुलट करून पाहता येत असे, छायाचित्र जी बाजू टिपली गेली तेवढ्याचीच साक्ष देते.

त्यातच अनेक जाती दिसायला एकमेकींसारख्या असतात, आणि या साम्याला पुष्कळदा सबळ कारण असते. ॲमेझॉनच्या अरण्यात अकरा वर्षे काढलेल्या हेन्री बेट्स यांनी १८६२ साली असे प्रतिपादन केले, की भक्षकांना अरुचकर असलेल्या जातीचे रूप धारण करून निरुपद्रवी जाती आपला बचाव साधतात. आपल्याकडील प्लेन टायगरची अळी रुईची पाने खाते आणि त्या वनस्पतीतील विषारी द्रव्य अंगी साठवते. घोळीच्या भाजीवर वाढणाऱ्या डॅनाइड एगफ्लायची मादी त्याच केशरी वेषात वावरते. मागील पंख नीट पाहिला तर उलगडा होतो : प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यभागी तीनचार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच. तसेच, ईश्वरीच्या वेलीवर वाढलेल्या कॉमन रोझचे शरीर लाल असते. तिची हुबेहूब नक्कल करणारी, कढीपत्त्यावर वाढलेली कॉमन मॉरमॉनची मादी पंखांवर लाल ठिपके मिरवते खरी, पण तिचे शरीर काळेच राहते.

याहून बिकट प्रकरण सख्ख्या नात्यातल्या जातींचे. कॉमन क्रोच्या नराच्या पुढील पंखावर वरून गंधखवल्यांचा एक पट्टा दिसतो, डबल-ब्रँडेड क्रोच्या नराला दोन. पंख मिटलेल्या छायाचित्रात ही खूण झाकली जाते आणि मादीच्या बाबतीत ती मुळातच अनुपस्थित असते. गवतावरल्या पिवळ्या फुलपाखरांत पुढील पंखाच्या खालच्या बाजूस, मधल्या कोष्ठात, कॉमन ग्रास यलोला दोन ठिपके असतात आणि थ्री-स्पॉटला तीन. ऋतुपरत्वे या खुणा फिकटही होतात. चिमुकल्या निळ्या फुलपाखरांत तर पेल ग्रास ब्लूच्या त्याच कोष्ठात असलेला ठिपका लेसर ग्रास ब्लूला नसतो, आणि एवढ्याशा ठिपक्यावर निर्णय अवलंबून राहतो.

तेव्हा छायाचित्रकाराने पंखांच्या दोन्ही बाजू, शरीराचा रंग, ठिकाण, तारीख आणि जवळची वनस्पती यांचा तपशील आवर्जून नोंदवावा. आणि निर्णायक खूण दिसत नसेल, तर ओळख कुलाच्या नावापाशी थांबवून जातीचा रकाना मोकळा ठेवावा. अशी मोकळी जागा हे अभ्यासातील न्यून नव्हे. कोणते फुलपाखरू कोठे आढळते आणि कोठून नाहीसे होत आहे, याचे दप्तर आज प्रामुख्याने हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभे राहत आहे. त्यात घाईने घातलेले एक चुकीचे नाव शहानिशा न होता पुढच्या नकाशांत आणि याद्यांत उतरत जाते, तर मोकळा ठेवलेला रकाना पुढचा निरीक्षक अधिक चांगला दाखला आणून भरू शकतो.